काही अभ्यासकांच्या मते

आमच्या बाई प्रबंधावर सही करण्याआधी हजेरी घेत. विद्यार्थ्याची नव्हे, कंसांची.

ही पद्धत दुसऱ्या कुठल्या विभागात असल्याचं मी ऐकलेलं नाही. प्रबंधात दुसऱ्याचं म्हणणं घेतलं की तिथल्या तिथे कंसात त्याचं आडनाव, वर्ष आणि पान लिहायचं, एवढं सगळेच शिकवतात. बाई त्यापुढे जात. विभागातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला प्रबंध घेऊन त्या बसायच्या, दुसऱ्या टोकाला विद्यार्थी, आणि मध्ये पुस्तकांचा नि झेरॉक्सचा ढीग. बाई मजकूर वाचत जायच्या. कंस आला की थांबून आतलं आडनाव मोठ्याने पुकारायच्या. विद्यार्थ्याने "हजर" म्हणायचं, ते पुस्तक नेमक्या पानावर उघडायचं आणि ओळीवर बोट ठेवून समोर सरकवायचं. बाई ती ओळ वाचणार, मग प्रबंधातलं वाक्य, मग पुन्हा ओळ. पटलं तर मान हलणार. नाही पटलं तर, "हे गृहस्थ असं म्हणत नाहीयेत गं. तू त्यांच्या तोंडी घातलंयस. त्यांना घरी सोडून ये."

मूळ पुस्तक न बघता तिसऱ्याच्याच लेखातून नाव उचललेलं असलं की त्याला बाईंचा शब्द होता, 'परभारे आलेला'. त्याला त्या हाकलत नसत. पण तो कुणाचं बोट धरून आला, ते कंसात लिहायला लावत.

"कंस म्हणजे दार," त्या म्हणायच्या. "वाचणाऱ्याने ढकललं तर उघडायला हवं. भिंतीवर रंगवलेलं दार काय कामाचं?"

या हजेरीला भलेभले टरकून असत. माझ्या आधीचा एक जण म्हणे बाहेर येऊन जिन्यातच बसला आणि म्हणाला, "मुलगी देताना सासऱ्यांनीही इतकं विचारलं नव्हतं." मला मात्र ती मनापासून आवडायची. मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का, ते दाराला कुलूप लावल्यावर परत उघडून बघणारी. मुलगी गाढ झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून उभी राहणारी. घरात त्यावरून माझी यथेच्छ टिंगल चालते. इथे मात्र एक बाई त्याच जातीचा संशय घेऊन आयुष्यभर बसली होती आणि लोक त्याला विद्वत्ता म्हणत होते. मला तिथे फार सुरक्षित वाटायचं.

माझा विषय खेळाच्या मैदानांचा होता. मुलांचा नाही, त्यांना घेऊन येणाऱ्या मोठ्यांचा. ही माणसं कुठे बसतात, कुठे उभी राहतात, कधी उठतात. मी तीन मैदानांत बसून हे बघितलं होतं. आधी एकटी, मग पोट सांभाळत, मग मांडीवर लेक घेऊन. लेकीचं घरातलं नाव भिंगरी. ती रांगायला लागल्यापासून दुसरं कुठलं नाव तिला शोभलंच नाही.

या विषयात एक वाक्य असं होतं, की ते लिहिल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे: आई बाक निवडते ते मूल दिसावं म्हणून नव्हे, ते ऐकू यावं म्हणून. पुढे कंस. कंसात मैदानांवरच्या एका फार जुन्या अहवालाचा लेखक, वर्ष, पान. हा लेखक कुणी पाहिलेला नाही की अहवाल कुणी हातात धरलेला नाही. आम्ही विद्यार्थी त्याला 'म्हातारबुवा' म्हणायचो. हे वाक्य पहिल्यांदा छापून आलं ते आमच्या बाईंच्याच लेखात. त्या तरुण होत्या तेव्हाचा तो लेख. त्यानंतर जो तो त्या लेखाचं बोट धरून, परभारेच, म्हातारबुवांना कंसात बसवत आला. माझं तिसरं प्रकरण तर उभंच त्यांच्या खांद्यावर होतं.

म्हणजे हजेरीला म्हातारबुवा हवेतच. परभारे नकोत, प्रत्यक्ष. ग्रंथपालांनी पाच-सहा ठिकाणी लिहिलं. शेवटी कुठल्याशा लांबच्या ग्रंथालयाने अहवाल पाठवला. खाकी पुठ्ठ्याचा, कडा कुरतडलेला.

"जपून हं," ग्रंथपाल म्हणाले. "तुमच्या घरात दात येणारं कुणीतरी आहे, ठाऊक आहे मला."

दुपारी भिंगरी झोपल्यावर मी पान उघडलं. त्या पानावर बाक होते. लाकडी चांगले की लोखंडी, रंग किती दिवस टिकतो, उन्हात कुणी बसत नाही म्हणून झाडाखाली मांडावेत. बस. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत, परिशिष्टातल्या नटबोल्टच्या मापांसकट सगळा अहवाल वाचला. ऐकण्याबद्दल अक्षर नव्हतं. आई हा शब्दच त्या अहवालात नव्हता.

पुठ्ठ्यावरचं नाव आणि वर्ष मी पुन्हा ताडून बघितलं.

आधी वाटलं, दुसरी आवृत्ती असेल. ग्रंथपालांना फोन केला. दुसरी आवृत्ती निघालीच नव्हती. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग हळूहळू लक्षात आलं, की चुकलंय ते बाईंचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कंस उघडून बघणाऱ्या बाईंचा स्वतःचा, सगळ्यांत गाजलेला कंस रिकामा होता.

आणि दिवस असे, की श्वास घ्यायला उसंत नाही. प्रबंधाची मुदत मी बाळंतपणासाठी एकदा वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा वाढवत नाहीत. महिनाअखेरीला प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सगळं पुन्हा श्रीगणेशापासून. त्याच दिवशी बाई निवृत्त होणार. त्यांना जाता जाता हे सांगायचं? आणि सांगितलं तर तिसरं प्रकरण कशावर उभं राहणार?

नवरा संध्याकाळी आला तर मी अजून अहवाल धरूनच बसलेली. त्याला सगळं सांगितलं.

"सरळ सांगून टाक ना," तो बूट काढता काढता म्हणाला.

"तू सांगितलंस तुझ्या साहेबांना, की त्यांचा हिशोब चुकलाय?"

"माझे साहेब म्हणजे तुझ्या बाई नाहीत. माझे साहेब चुकले की माझंच चुकलेलं असतं."

"मग?"

"मग काय, तुझ्या बाई तशा नाहीत असं तूच सांगत असतेस दिवसरात्र. मला तर त्यांचं नाव ऐकून ऐकून आता त्यांचीच भीती वाटते."

सासूबाई भिंगरीला भरवत होत्या. तिकडून म्हणाल्या, "एवढं काय त्यात? नाव खोडून टाक की. कोण बघायला येतंय?"

"आई, बाईच बघणार आहेत!"

"मग त्यांना तर माहीतच असेल," सासूबाई म्हणाल्या आणि भिंगरीच्या तोंडात पुढचा घास गेला.

शेवटी मी काय केलं, तर मधला मार्ग काढला. वाक्य ठेवलं, कंस काढला आणि वाक्याच्या आधी तीन शब्द घातले: 'काही अभ्यासकांच्या मते'. नाव नाही, वर्ष नाही, पान नाही. बाईंची अब्रू झाकली, माझं प्रकरण वाचलं. हजेरीत कंसच नसेल तर पुकारणार काय? मला वाटलं, हे फार हुशारीचं आहे.

हजेरीच्या दिवशी सासूबाईंचे डोळे तपासायचे होते, म्हणून भिंगरीला बरोबर न्यावं लागलं. बाईंनी तिला रिकामा खडूचा डबा दिला आणि ती टेबलाखाली गेली. डबा आपटायचा आवाज येत होता तोवर मी निर्धास्त होते.

पहिली दोन प्रकरणं छान गेली. वाळूत खेळणाऱ्या मुलांवर लिहिणाऱ्या बाई, त्यांना आम्ही 'मातीवाल्या' म्हणत असू, त्या हजर. झोपाळ्यांवर लिहिणारे दोघे भाऊ हजर. एका गृहस्थांना बाईंनी घरी पाठवलं. त्यांच्या 'कदाचित'चं मी 'नेहमी' केलं होतं.

"कदाचित म्हणायला माणसाला किती धीर लागतो," बाई म्हणाल्या. "तो असा पुसू नये."

मी खाली मान घालून 'कदाचित' परत लिहिलं. मग तिसरं प्रकरण आलं. बाई वाचत आल्या, वाचत आल्या आणि थांबल्या. चष्मा वर सरकवला.

"इथे कुणी नाही?"

मी पुस्तकांचा ढीग सारखा करायला लागले.

"काही अभ्यासक," बाईंनी पुकारलं, अगदी आडनाव पुकारावं तसं. वाट बघितली. पुन्हा पुकारलं, "काही अभ्यासक! अगं, कोण हे? राहतात कुठे? मी हाक कुणाला मारू?"

टेबलाखालचा आवाज बंद झाला होता. मी वाकून बघितलं. भिंगरीने डब्याचं झाकण तोंडात घातलं होतं. ते काढून घेण्यात मी लागेल त्यापेक्षा बराच वेळ काढला. वर आले तर बाई तशाच थांबलेल्या.

"हे वाक्य तर माझ्या लेखातलं आहे. तिथे कंस होता. अहवाल मिळाला नाही का तुला?"

"मिळाला."

"मग आण की. मला पण बघायचाय. कितीतरी वर्षांत बघितला नाही."

मी पिशवीतून खाकी पुठ्ठा काढला, पान उघडलं आणि सरकवलं. बोट ठेवायला ओळ नव्हती, म्हणून हात मांडीवर ठेवला.

बाईंनी पान वाचलं. मागचं वाचलं, पुढचं वाचलं. अगदी माझ्याच क्रमाने. मग खुर्ची जवळ ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. भिंगरी माझ्या मांडीवर येऊन, माझ्या बांगडीशी खेळून, तिथेच पेंगायला लागली. बाई वाचतच होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मला वाटलं होतं, चेहरा पडेल. किंवा त्या चिडतील. निदान चष्मा पुसतील. तसं काही झालं नाही. नटबोल्टच्या मापांपर्यंत पोचल्यावर त्यांनी अहवाल हळूच मिटला.

"यात नाहीच की गं!" त्या म्हणाल्या. आवाजात नवल होतं, निव्वळ नवल. "मग मला कुठून मिळालं हे?"

"दुसरी आवृत्ती नाही, बाई. मी विचारलं."

"विचारलंस? छान." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "माझा मुलगा तेव्हा चालायला लागला होता. वाचायला वेळ एकच, तो मैदानात असेल तेवढा. तोंडावर ऊन यायचं म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे, आणि टिपणाची कार्डं मांडीवर. पुढच्या बाजूला अहवालातलं उतरवून घ्यायचं. मनात काही आलं की उलटून मागे लिहायचं, कारण कोरं कार्ड पर्समध्ये कुठलं सापडायला? असंच झालं असावं. म्हातारबुवांच्या पाठीवर मी माझंच काहीतरी लिहिलं. पुढे लेख लिहायला घेतला तेव्हा ते त्यांचंच वाटलं." त्यांनी मिटलेल्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "इतकं बरं वाक्य माझं असेल, असं मनातही आलं नसणार."

"म्हणजे वाक्य तुमचंच आहे, बाई!" मला एकदम आनंद झाला. "मग कंसात तुमचंच नाव घालू. सुटला की प्रश्न!"

"कसा सुटला? मी काय बघितलं होतं? एक बाक, एक आई आणि तीही मीच. याला निरीक्षण म्हणतात? याला पाठदुखी म्हणतात." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि हे 'काही अभ्यासक' काय प्रकरण आहे? माझी कीव केलीस?"

"नाही, बाई. भीती वाटली."

"माझी?"

"तुमच्यासाठी. आणि..." मला खरं सांगावंच लागलं. "आणि प्रकरणासाठी. हा आधार गेला तर उरतं काय?"

बाई जराशा हसल्या. "मला झाकायचं तर सरळ शाल घालायची होतीस. हे तीन शब्द नको होते. यांच्याआड कुणीही लपतं. उद्या कुणी हे वाचलं, तर चूक कुणाची ते त्याला कळणार कसं? आणि कळलं नाही तर तो पुन्हा म्हातारबुवांच्या दारात जाऊन उभा राहणार. त्यांचा बिचाऱ्यांचा यात काय दोष? त्यांनी रंगाबद्दल लिहिलं होतं." त्यांनी पेन्सिलीने माझे तीन शब्द खोडले. "माझं आडनाव घाल. वर्ष घाल, पान घाल. आणि लिही, की यांनी हे अमुक अहवालाच्या नावावर दिलं आहे, अहवालात ते नाही."

"असं उघड?"

"मग कसं, कानात सांगणार?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भिंगरीच्या टाळूवर पडू नये म्हणून मी मान वळवली. इतकी वर्षं सगळ्यांना पान उघडायला लावणारी ही बाई स्वतःचं पान उघडायची वेळ आली तेव्हा एका क्षणानेही मागे सरली नाही. मी असते तर? मी अजूनही दुसरी आवृत्ती शोधत बसले असते.

"आता उरलं काय ते बघू," बाई म्हणाल्या. "तीन मैदानांत तू काय बघितलंस?"

मी सांगायला लागले. पाठ करून बसणाऱ्या किती जणी, त्या मागे कधी वळतात. मूल रडलं की वळतातच, पण एकाएकी गप्प झालं की त्याहून लवकर वळतात. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की हे सगळं मी प्रबंधात 'यावरून वरील विधानाला पुष्टी मिळते' असं म्हणून टाकलं होतं. ज्यांनी तसलं काही म्हटलंच नव्हतं, त्यांना मी वर्षभर पुष्टी देत बसले होते.

"मघाशी तू खाली वाकलीस ना," बाई म्हणाल्या, "ती डबा वाजायचा थांबला तेव्हा. मी बघत होते." मग प्रबंध माझ्याकडे ढकलून म्हणाल्या, "प्रकरण उलटं कर. पुष्टी नको. तुझं तू म्हण. महिना संपायला वेळ आहे अजून, मी रोज येते."

आणि त्या रोज आल्या. त्यांच्या खोलीतली कपाटं रिकामी होत होती, खोकी भरली जात होती, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात आम्ही दोघी टेबलाचं एक टोक मोकळं करून तिसरं प्रकरण लिहीत होतो. भिंगरी खोक्यांत शिरून बसायची. त्याच दिवसांत बाईंनी ज्या नियतकालिकात तो जुना लेख आला होता तिथेही चार ओळी लिहून पाठवल्या. मला वाचायला दिल्या. 'माझ्या हातून झालेली चूक' अशी सुरुवात होती आणि तिच्यात कुठेही आपण तेव्हा तरुण होतो, मूल लहान होतं, असलं एकही कारण नव्हतं. मी म्हटलं, "कार्डाचं तरी लिहा, बाई. लोकांना समजेल."

"लोकांना चूक समजू दे," त्या म्हणाल्या. "मी समजून त्यांना काय करायचंय?"

शेवटच्या दिवशी दोन सह्या हव्या होत्या. मार्गदर्शक म्हणून बाईंची आणि मग विभागप्रमुखांची. हे सर बाईंचेच जुने विद्यार्थी. त्यांनी उभ्या उभ्या पानं चाळली. तिसऱ्या प्रकरणाशी थबकले आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"बाई, हे काय? निवृत्तीच्या दिवशी? तुमच्याच विद्यार्थिनीने तुम्हाला चूक ठरवलंय."

"ठरवलेलं नाही. पान उघडून दाखवलंय."

"पण संध्याकाळी तुमचा सत्कार. मी भाषणात त्याच लेखाबद्दल बोलणार होतो!"

"मग दुसरं काही शोधा. मी काही एकच लेख लिहिलेला नाही."

"अहो, एक कंस. काढून टाकला तर कुणाला कळणार आहे?"

"तुम्ही माझ्याकडे हजेरी दिली होतीत ना?" बाईंनी विचारलं.

सरांनी घसा खाकरला आणि पुन्हा पानात डोकं घातलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सही वेळेत नाही झाली तर कार्यालय बंद होऊन जाणार, आणि कार्यालय बंद झालं तर माझं सगळंच संपणार. बाईंनी त्यांची सही करून पेन सरांच्या बाजूला ठेवलं होतं. सरांनी ते उचललं नव्हतं. ते वाचत होते. आता घाईने नाही, बोट ठेवून.

"हे पुढचं," ते म्हणाले. "मूल गप्प झालं की आई जास्त लवकर वळते. इथे कंस नाही. हे कुणाचं म्हणणं?"

मी सवयीने बाईंकडे बघितलं. बाई एका खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना ऐकू आलं नसेल, असं मुळीच नव्हतं.

"हजर," मी म्हणाले. मग नीट बोलले. "माझं आहे, सर."

"तुमचं? आधार काय?"

"तीन मैदानं. मी स्वतः बघितलंय."

"कुठे बसून?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगायला सुरुवात केली. पहिल्या मैदानातल्या कोपऱ्यातल्या बाकापासून. सर मध्येच म्हणाले, "थांबा, घसरगुंडी कुठल्या बाजूला?" मी टेबलावर बोटाने मैदान काढलं. ते वाकून बघायला लागले.

बाईंनी चिकटपट्टी बाजूला ठेवली, एका खुर्चीवरची पुस्तकं खाली उतरवली आणि ती खुर्ची सरांच्या मागे सरकवली. सर टेबलावरच बघत होते. मागे न बघता खुर्चीवर टेकले, आणि सही करायला पेन हातात घेऊनही पुढचा प्रश्न विचारते झाले.